बोटावर २१८, नळीत ८४: मधुमेहाच्या तपासणीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दिंडोरी तालुक्यात राहणाऱ्या ४३ वर्षांच्या एका महिलेचे आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि घरचे काही तपशील गाळले आहेत. इथे त्यांना ताई म्हणू. माहेर पेठ तालुक्यातले, लग्नानंतर दिंडोरीकडे. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाच्या शेडमध्ये काम, एरवी बागेतली विरळणी, छाटणीनंतरची कामे. उंची १५२ सेंमी, वजन ६४ किलो, कंबर ८४ सेंमी. आईला मधुमेह होता. सासूबाईंनाही आहे आणि त्यांच्या गोळ्या चालू आहेत.

मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी एक साधी जोखीम मोजणी तयार केली आहे. त्यात वयाचे २०, कमरेचे १०, अंगमेहनत आहे पण वेगळा व्यायाम नाही म्हणून २० आणि आईच्या मधुमेहाचे १० असे ताईंचे ६० गुण होतात. ६० किंवा जास्त म्हणजे जोखीम मोठी. म्हणजे त्यांची तपासणी व्हायलाच हवी होती, याबद्दल दुमत नाही. प्रश्न पुढे आला तो ती कशी झाली याचा.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात शेडवर आरोग्य शिबिर आले. सकाळी पावणेबाराची वेळ. घड तपासायचे, खराब मणी कात्रीने काढायचे आणि माल भरायचा, असे काम सुरू होते. त्या शेडमध्ये हातमोजे नव्हते. नंबर आला तसे ताईंनी हात अ‍ॅप्रनला पुसले. तंत्रज्ञाने बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, टोचले, बोट दाबून पहिलाच थेंब पट्टीवर घेतला. मीटरवर २१८ आले. कार्डावर ‘शुगर २१८, डॉक्टरांना दाखवा’ असे लिहून मिळाले. शेवटचे खाणे किती वाजता झाले, हे कार्डावर नव्हते.

घरी त्याचा अर्थ एकच निघाला, शुगर निघाली. दुसऱ्या दिवसापासून भात बंद, भाकरी एकवेळ अर्धी, सकाळी उपाशीपोटी मेथीचे पाणी. सासूबाईंच्या पाकिटातली मेटफॉर्मिनची ५०० मिग्रॅची गोळी ताई रोज एक घेऊ लागल्या. चार दिवसांनी जवळच्या बाजारगावातल्या कलेक्शन सेंटरवर रक्त दिले. नमुने नाशिकच्या लॅबला जात असत. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला: उपाशीपोटीची साखर ८४, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.६. त्यापुढे छापलेले होते, ‘मधुमेह’.

अडचण

ताई आणि त्यांचा मुलगा नाशिकमधल्या एका फिजिशियनकडे आले तेव्हा हातात तीन आकडे होते आणि तिन्ही वेगवेगळे बोलत होते. २१८ म्हणत होता मधुमेह उघड आहे. ८४ म्हणत होता काहीच नाही. ६.६ म्हणत होता सीमा ओलांडली आहे, पण थोडीच.

घरात दोन मते पडली होती. मुलगा म्हणे गोळी कायमची सुरू करावी. ताईंचे पती म्हणत, उपाशीपोटी ८४ आहे, शिबिरवाल्यांचे मशीन बिघडले असेल, सोडून द्या. ताईंची तक्रार वेगळीच होती. गेले वर्षभर थकवा, जिना चढताना धाप, हातापायांत गोळे. शेजारणींनी तोही शुगरच्या खात्यावर लिहिला होता.

पुढचे सगळे समजण्यासाठी मर्यादा माहीत हव्यात. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांप्रमाणे शिरेतल्या रक्ताची उपाशीपोटीची साखर १०० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या खाली ठीक, १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था, १२६ आणि वर मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४०च्या खाली ठीक, १४० ते १९९ मधुमेहपूर्व, २०० आणि वर मधुमेह. एचबीएवनसी ५.७ टक्क्यांखाली ठीक, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व, ६.५ आणि वर मधुमेह. कुठल्याही वेळी घेतलेली साखर २०० किंवा जास्त असेल तर ती निदानाला चालते, पण फक्त सोबत मधुमेहाची ठळक लक्षणे असतील तेव्हाच: खूप तहान, वारंवार लघवी, कारण नसताना वजन उतरणे. लक्षणे नसतील तर एका आकड्यावर निदान करत नाहीत, दोन तपासण्या मर्यादेच्या वर लागतात.

ताईंना तहान, लघवी, वजनाची घट यांपैकी काही नव्हते. थकवा होता, पण थकवा दहा कारणांनी येतो.

वरवर पाहता २१८ आणि ६.६ असे दोन आकडे मर्यादेच्या वर होतेच. मग निदान झाले, असे मुलाचे म्हणणे. इथे डॉक्टर थांबले आणि प्रत्येक आकडा कुठून आला ते विचारत गेले. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच.

तीन आकडे, तीन शंका

२१८. ताईंनी हात धुतले होते का, हा पहिला प्रश्न. नव्हते. पिकलेल्या द्राक्षाच्या रसात साधारण १६ ते १८ टक्के साखर असते आणि तिचा जवळजवळ निम्मा भाग ग्लुकोज असतो. म्हणजे डेसिलिटरला सुमारे ८००० मिग्रॅ. मीटरच्या पट्टीला अर्धा ते एक मायक्रोलिटर रक्त पुरते. त्या थेंबात त्याच्या ऐंशीव्या हिश्श्याइतका रस मिसळला तरी आकडा सुमारे १०० ने चढतो. स्पिरिटच्या बोळ्याने ही साखर नीट निघत नाही. फळे सोलल्यावर बोट टोचले तर साखर खोटी जास्त येते आणि ती पाण्याने हात धुतल्यावरच खऱ्यावर येते, हे जपानमधल्या संशोधकांनी २०११ साली द्राक्ष, संत्रे आणि किवी वापरून दाखवले होते.

त्यात पहिलाच थेंब घेतला गेला होता, आणि चिकटलेला रस जास्तीत जास्त त्यातच येतो. शिवाय ग्लुकोमीटर निदानासाठी नसतोच. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३च्या मानकाप्रमाणे चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्के इकडे-तिकडे होण्याची मुभा आहे. शिबिरातला आकडा ‘पुढे तपासा’ एवढेच सांगतो आणि तेवढे त्याने सांगितले. त्या क्षणी खरी साखर किती होती, हे आता कळायचा मार्ग नाही.

८४. हा आकडा दिलासा देणारा, म्हणून जास्त धोक्याचा. साखरेसाठी करड्या झाकणाची नळी लागते. तिच्यात सोडियम फ्लोराइड असते. ते नसेल तर नळीतल्या पेशी रक्तातली साखर वापरत राहतात आणि साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते. फ्लोराइडसुद्धा लगेच काम करत नाही, पहिला तास-दोन तास थोडी घट होतेच. मुलाने विचारल्यावर सेंटरवरून कळले, दोन नळ्या भरल्या होत्या, एक जांभळ्या झाकणाची आणि एक पिवळ्या. साखर मोजली ती पिवळी, फ्लोराइड नसलेली नळी सकाळी साडेआठला भरली, गाडी सेंटरवरून साडेअकराला निघाली, नाशिकला सीरम वेगळे करेपर्यंत साडेबारा वाजले. चार तास. खरी साखर १०७ असती तर तासाला ६ टक्क्यांच्या घटीने ती या वेळात ८४ च्या आसपास येते. त्याच चार दिवसांत मेटफॉर्मिन आणि कमी जेवणही होते. त्या ८४ मध्ये नळीचा वाटा किती आणि गोळीचा किती, ते वेगळे काढता येत नाही. पण तो आकडा आधार म्हणून वापरता येत नाही, हे नक्की.

६.६. एचबीएवनसीची नळी बरोबर होती, जांभळ्या झाकणाची, आणि उपाशी असण्याची गरज या तपासणीला नसते. चार दिवसांच्या पथ्याने ती हलतही नाही. मग शंका कशाची? शंका रक्ताचीच. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस तिच्यातल्या हिमोग्लोबिनवर साखर चिकटत जाते. ते किती चिकटले, हे ही तपासणी मोजते. लोहाच्या कमतरतेत नव्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्या पेशींचे प्रमाण वाढते, आणि साखर तेवढीच असतानाही एचबीएवनसी वर जाते. किती वर जाईल याचे ठरलेले गणित नाही. उलट रक्तस्राव होऊन गेल्यावर, रक्त चढवल्यावर किंवा पेशी लवकर फुटण्याच्या आजारात हा आकडा खोटा कमी येतो.

डॉक्टरांनी डोळ्यांच्या खालच्या पापण्या पाहिल्या. फिकट होत्या. नखेही चपटी झालेली. मग पाळीबद्दल विचारले. ताई मुलासमोर बोलेनात. मुलाला बाहेर बसवून परिचारिकेने विचारले तेव्हा समजले की वर्षभर पाळीत अंगावरून खूप जाते आणि सात-आठ दिवस जाते. हा प्रश्न आधी कुणीच विचारला नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, मधुमेह धरून औषध सुरू करणे. त्याच्या बाजूने एवढेच होते की मेटफॉर्मिन तसे सुरक्षित औषध आहे. विरुद्ध बाजू जड होती. एकदा फाइलवर ‘मधुमेही’ लिहिले की ते पुसले जात नाही. विमा, पुढची औषधे, घरातले वागणे, सगळे त्यावर ठरते. आणि थकव्याचे खरे कारण त्या शब्दाखाली दबून राहते.

दुसरा, ८४ वर विसंबून सोडून देणे. आईचा मधुमेह आणि ६० गुणांची जोखीम पाहता हे चालण्यासारखे नव्हते.

तिसरा, दुसऱ्या लॅबमधून एचबीएवनसी पुन्हा करणे. हा सगळ्यांना पटणारा पर्याय होता, कारण दोन तपासण्यांचा निकाल जुळत नाही तेव्हा जी मर्यादेच्या वर आहे ती पुन्हा करावी, असा सर्वसाधारण नियमच आहे. पण तो नियम तपासणी विश्वासार्ह असेल तेव्हाचा. इथे दोष मशीनमध्ये नसून पेशींच्या वयात असण्याची शक्यता होती. तसे असेल तर दुसरी लॅबही ६.५-६.६ देणार आणि चूक पक्की होणार. असे प्रसंग वरचेवर घडतात. दोन रिपोर्ट जुळले की लोक निश्चिंत होतात, पण दोन्ही रिपोर्ट एकाच रक्ताचे असतात.

चौथा, घरी मीटर आणून आठवडाभर साखर पाहणे. उपयोगी माहिती मिळते, निदान होत नाही. शिवाय रक्तक्षयात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, कमी असेल तर बरेच मीटर साखर जास्त दाखवतात. मीटरच्या माहितीपत्रकात ही मर्यादा छापलेली असते, ती कुणी वाचत नाही.

पाचवा, फ्रुक्टोसामीन. ही तपासणी लाल पेशींवर अवलंबून नसते आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगते. पण तिच्यावर निदानाच्या सर्वमान्य मर्यादा ठरलेल्या नाहीत.

सहावा, ७५ ग्रॅम ग्लुकोजची तोंडी चाचणी, लोकांच्या भाषेत जीटीटी, आणि त्याबरोबर रक्ताची पूर्ण तपासणी व फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी). एचबीएवनसीवर भरवसा नसेल तेव्हा निदान फक्त ग्लुकोजवर करायचे, या नियमाला धरून हा पर्याय निवडला. माहेर पेठचे आहे हे लक्षात घेऊन हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी एचपीएलसी तपासणीही जोडली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात सिकलसेल आढळतो. सिकलसेलचा आजार असेल तर एचबीएवनसी वापरताच येत नाही. फक्त वाहक असेल तर बऱ्याच आधुनिक पद्धतींना अडचण येत नाही, पण माहीत असलेले बरे.

तयारी: आधी पोटभर जेवा

मुलाची अपेक्षा होती की चाचणी उद्याच होईल. ती दहा दिवस पुढे ढकलली, आणि कारण ऐकून घरचे चकित झाले: ताई आधी नीट जेवायला हव्यात.

भात-भाकरी तोडून राहिलेल्या माणसाला एकदम ७५ ग्रॅम ग्लुकोज दिले तर शरीर ते पटकन हाताळू शकत नाही आणि निरोगी माणसाचाही दोन तासांचा आकडा वर जाऊ शकतो. म्हणून चाचणीआधी किमान तीन दिवस रोज १५० ग्रॅम तरी कर्बोदके पोटात जायला हवीत. ताईंना ते ग्रॅममध्ये न सांगता ताटात सांगितले: दिवसाला मध्यम आकाराच्या तीन भाकऱ्या आणि दोन वाट्या भात, बाकी डाळ-भाजी नेहमीची. एका भाकरीत ३५ ते ४० ग्रॅम, वाटीभर भातात सुमारे ३०, म्हणजे दीडशेच्या वर सहज जाते. मुद्दाम गोडधोड खायचे नाही. एरवी जसे जेवण असते तसेच.

सासूबाईंची गोळी लगेच बंद करायला सांगितली. ती बंद झाल्यावर मध्ये आठवडा जाऊ दिला. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही गोळी ताईंना कुणी लिहून दिलेली नव्हती, म्हणून ती थांबवली. ज्यांना मधुमेहाचे निदान झालेले आहे त्यांनी तपासणी ‘खरी’ यावी म्हणून स्वतःहून औषध थांबवायचे नसते.

आदल्या रात्रीचे जेवण नऊपर्यंत आटोपायचे. त्यानंतर फक्त साधे पाणी, ते हवे तेवढे. सकाळी मेथीचे पाणी नाही, कोरा चहाही नाही. ताई दात मिश्रीने घासत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, निकोटिनने साखर हलते. म्हणून त्या दिवशी ब्रश आणि चूळ, आणि चाचणी संपेपर्यंत मिश्री नाही. ताप, जुलाब, सर्दी-खोकला जोरात असेल तर चाचणी पुढे ढकलायची, कारण आजारपणात साखर चढते. रात्रपाळीहून थेट यायचे नाही. आणि सोबत डबा आणायचा, दुसरे रक्त दिल्याबरोबर खायला.

एक शंका ताईंनी स्वतः काढली: शेडच्या हंगामात एक दिवसाची मजुरी बुडणार, मग नुसते उपाशीपोटीचे रक्त देऊन भागणार नाही का? प्रश्न रास्त होता. उपाशीपोटीची एकच तपासणी केली असती तर अर्धी गोष्टच कळली असती. काहींची उपाशीपोटीची साखर ठीक असते आणि जेवणानंतरचीच बिघडलेली असते. ताईंची एचबीएवनसी बाद ठरत असताना दोन तासांचा आकडा सोडणे परवडणारे नव्हते. घरच्या डब्यातले जेवण किंवा मिसळ-पाव खाऊन दोन तासांनी रक्त देण्याची पद्धत सर्रास आहे, ती औषध चालू असलेल्यांची साखर पाहायला ठीक. निदानाला मात्र ७५ ग्रॅमच लागतात, कारण प्रत्येकाचे ताट वेगळे.

चाचणीचा दिवस

सव्वासहाची एसटी, जुन्या सीबीएसहून रिक्षा. चालत येऊ नका असे बजावले होते. घाईने चालल्यावर साखर बदलते. लॅबमध्ये वीस मिनिटे बसल्यावर ८ वाजून ५ मिनिटांनी पहिले रक्त घेतले. करड्या झाकणाची नळी आठ-दहा वेळा हळू उलटसुलट केली, नाहीतर फ्लोराइड तळाशीच राहते. बर्फाच्या डब्यात ठेवली आणि अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा केला.

मग द्रावण. ग्लुकोजची पावडर दोन प्रकारची मिळते. पाणी नसलेली असेल तर ७५ ग्रॅम, आणि मोनोहायड्रेट असेल तर तेवढ्याच ग्लुकोजसाठी ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते. दुकानातल्या चवीच्या ग्लुकोज पावडरीतून चमचे मोजून घेतले तर हा हिशेब चुकतो. इथे मोनोहायड्रेट होती. ८२.५ ग्रॅम वजन करून ३०० मिली पाण्यात विरघळवली, मळमळू नये म्हणून लिंबाचे चार थेंब. पाच मिनिटांत संपवायची.

तंत्रज्ञ म्हणाला, “मावशी, पहिला घोट घेतला की सांगा. मी तिथून वेळ लावतो.”

“संपल्यावर नाही का लावायची?”

“नाही, पहिल्या घोटापासून.”

पहिला घोट ८ वाजून १२ मिनिटांनी. दुसरे रक्त १० वाजून १२ मिनिटांनी घ्यायचे, असे कागदावर लिहून भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवले. १० वाजून बाराऐवजी पंधरा-वीस मिनिटे झाली तर आकडा बदलतो, कारण या वेळी साखर उतरत असते.

मधले दोन तास बसून काढायचे असतात. हेच सगळ्यांना जड जाते. ताईंच्या पतींना पंचवटीत काम होते आणि ‘चल, तेवढ्यात गोदेवर जाऊन येऊ’ असा बेत होता. तो मोडला. तासाभराने सोबतच्या नातेवाइकाने चहा आणला, तोही परत गेला. त्या दोन तासांत उलटी झाली असती तर चाचणी तिथेच थांबवून दुसऱ्या दिवशी नव्याने करावी लागली असती. थोडे पाणी आणि लघवीला जाणे चालते.

निकाल आणि त्याचा अर्थ

उपाशीपोटी १०७. दोन तासांनी १५६. हिमोग्लोबिन ८.४, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६६, लाल पेशी ४१ लाख, हिमॅटोक्रिट २७. फेरिटिन ६. एचपीएलसीत सिकलसेल नाही, थॅलेसेमियाही दिसला नाही.

म्हणजे मधुमेह नाही. पण साखर ठीक आहे असेही नाही. दोन्ही आकडे मधुमेहपूर्व अवस्थेत बसतात. १०७ बद्दल थोडा घोळ झाला. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीच्या बिघाडाची सीमा ११० ला धरते, अमेरिकन संघटना १०० ला, आणि या लॅबच्या रिपोर्टवर ‘७० ते ११०’ असे छापले होते. मुलगा म्हणाला, मग हे नॉर्मलच. पण १५६ वर दोघांचेही एकमत आहे, त्यामुळे वाद तिथेच मिटला.

आणि थकव्याचे कारण समोर होते: लोहाची तीव्र कमतरता. एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने, म्हणजे ४.१ ने, भागले तर १६ येतात. १३ च्या वर आकडा लोहाच्या कमतरतेकडे बोट दाखवतो, खाली आला तर थॅलेसेमिया वाहकाची शंका घ्यायची. एक बारकावा डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहून ठेवला. लोह फार कमी असताना थॅलेसेमिया वाहकपणा एचपीएलसीत झाकला जाऊ शकतो. लोह भरून निघाल्यावर एमसीव्ही लहानच राहिला तर ती तपासणी पुन्हा करायची.

पुढचे सात महिने

सोनोग्राफीत गर्भाशयात छोटी गाठ निघाली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी रक्तस्राव आटोक्यात आणणारी औषधे दिली. जंताची गोळी दिली. लोहाची गोळी एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर, चहाच्या आधी-नंतर दोन तासांचे अंतर ठेवून. काळा संडास होईल, घाबरू नका, हे आधीच सांगितले. हे न सांगितल्यामुळे अनेक जणी गोळी आठवड्यात सोडतात.

साखरेसाठी मेटफॉर्मिन दिले नाही. वजन पाच टक्क्यांनी, म्हणजे सव्वातीन किलोने उतरवायचे ठरले. मेहनतीच्या कामाला व्यायाम समजू नये असे आपण सांगतो, पण दिवसभर शेडमध्ये उभे राहिलेल्या बाईला संध्याकाळी तासभर चालायला लावणे हा सल्ला टिकत नाही. म्हणून हंगाम संपेपर्यंत रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर रोज अर्धा तास. रात्रीचा भात एक वाटी, मटकी-मूग-कुळीथ आलटून पालटून, चहातली साखर तीन कपांत मिळून सहा चमच्यांवरून दोनवर.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ झाले. मुलाने परस्पर एचबीएवनसी करून आणली, ५.६. घरात आनंद. डॉक्टरांनी तो आकडाही बाजूला ठेवला. लोह सुरू केल्यावर नव्या, तरुण पेशी भराभर बनतात, त्यांच्यावर साखर चिकटायला वेळ मिळालेला नसतो, आणि एचबीएवनसी खोटी कमी येते. आधी खोटी जास्त आणि आता खोटी कमी. हे समजावून सांगायला पहिल्या भेटीपेक्षा जास्त वेळ लागला. चांगला आकडा नाकारणे कुणालाही कठीण जाते.

सप्टेंबरअखेर, हिमोग्लोबिन १२.४ वर येऊन स्थिरावल्यावर सगळे पुन्हा केले: उपाशीपोटी १०३, दोन तासांनी १४६, एचबीएवनसी ६.०, एमसीव्ही ८३. वजन ६१ किलो. या वेळी तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगत होते.

काय वेगळे करता आले असते

शिबिरात सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाण्याची टाकी आणि साबण. टोचण्याआधी हात धुऊन कोरडे करायचे, ओल्या बोटाने थेंब पातळ होतो. शक्य नसेल तर निदान पहिला थेंब कापसाने पुसून दुसरा घ्यायचा, बोट फार पिळायचे नाही. २०० च्या वर आलेल्या प्रत्येकाचे हात धुऊन तिथेच पुन्हा टोचायला हवे होते. दोन मिनिटांचे काम. द्राक्ष, ऊस, गुऱ्हाळ, मिठाई असल्या कामाच्या ठिकाणी तर हे आधी ठरवूनच जावे. कार्डावर वेळ आणि शेवटच्या खाण्याची वेळ लिहावी.

कलेक्शन सेंटरवर रक्त देणाऱ्याने दोन गोष्टी विचाराव्यात: साखरेची नळी करड्या झाकणाची आहे ना, आणि नमुना लॅबला किती वाजता पोहोचणार. विचारायला संकोच वाटतो, पण उत्तर देणारा बहुधा चिडत नाही. एचबीएवनसी सांगताना डॉक्टरांनी हिमोग्लोबिन सोबतच सांगायला हवे. या प्रकरणात ते पहिल्याच दिवशी झाले असते तर मधले दोन आठवडे वाचले असते.

डॉक्टरांच्या बाजूने एक चूक मान्य करायला हवी. पहिल्या भेटीत लोहाची गोळी लगेच सुरू करायला हरकत नव्हती. फेरिटिनचे रक्त त्याच दिवशी काढून ठेवले असते तर थांबण्याचे कारणच उरले नसते. जीटीटीच्या दिवसाशी सगळे बांधल्यामुळे धाप लागणाऱ्या बाईचे उपचार दहा दिवस लांबले.

थांबण्याचा निर्णय बरोबर होता तो लक्षणे नव्हती म्हणून. सोबत भरपूर तहान, रात्री चार-पाचदा लघवी, उतरलेले वजन असे असते, किंवा उलट्या, पोटदुखी, खोल श्वास, गुंगी असती, तर तीन दिवस जेवून मग चाचणी हा मार्ग चुकीचा ठरला असता. तशा माणसाची साखर त्याच दिवशी शिरेतून तपासावी लागते, आणि उलट्या-गुंगी असेल तर थेट दवाखान्यात न्यावे लागते. तिथे जीटीटी करायचीच नसते.

ताईंची पुढची तपासणी दर सप्टेंबरात ठेवली आहे, गोडी छाटणीच्या आधी, मजुरी बुडणार नाही अशी. मुलाने फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिले आहे: करडे झाकण. एचबीएवनसीसोबत हिमोग्लोबिन. तीन दिवस नेहमीचे जेवण.